पाटीमागचे पोपट

माझी मुलगी आणि जावई नेरळला नव्या इमारतीत राहायला गेले, तेव्हा वास्तुशांतीसाठी मिरजेहून माझ्या विहीणबाई आल्या. कार्यक्रम झाल्यावर त्यांनी महिनाभर राहायचं ठरवलं. मी कर्जतला राहते, म्हणजे तिथून दुसरंच स्टेशन. त्यामुळे आठवड्यातून एकदोनदा आमची गाठ पडायचीच. गाठ पडायची म्हणजे काय, तर सोफ्याच्या दोन टोकांना दोघी बसायचो. त्या विचारायच्या, "तब्येत बरी आहे ना?" मी म्हणायचे, "बरी आहे. तुमची?" मग मुलगी चहा घेऊन येईपर्यंत दोघीही खिडकीतून समोरच्या इमारतीचं बांधकाम बघायचो.

भांडण काही नव्हतं. लग्नातही त्यांनी कसला हट्ट केला नव्हता. पण मला त्यांची भीती वाटायची. जन्मभर शाळेत शिकवून त्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. कडक इस्त्रीची सुती साडी, आणि बोलताना एक अक्षर इकडचं तिकडे नाही. माझं माहेर कडावचं, घरात भातशेती. नर्स म्हणून सरकारी दवाखान्यात लागले तेव्हा 'आहे' आणि 'नाही' म्हणायला शिकले, पण जरा घाई झाली की तोंडातून 'हाय' आणि 'नाय'च बाहेर पडतं. त्यांच्यासमोर मी इतकं जपून बोलायचे की दोन वाक्यांत बोलणंच संपायचं.

मुलीला हे दिसत असणार. एक दिवस ती म्हणाली, "रविवारी तुम्ही दोघींनी कर्जतच्या जुन्या बाजारपेठेत फिरायला जायचं. एक मुलगी चालत चालत सगळं दाखवते, जुनी घरं, देवळं, माहिती सांगते. मी तुमची नावं दिलीत."

"कर्जतची बाजारपेठ?" मी म्हणाले. "मी रोज तिथं भाजी आणते गं."

"भाजी आणतेस. बघतेस कुठं?"

"आणि आपला बाजार बघायला माणसं येतात?"

"पुण्या-मुंबईहून येतात."

मला वाटलं, विहीणबाई नको म्हणतील. त्यांच्या मिरजेत काय जुन्या पेठा कमी आहेत. पण त्यांनी कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "जाऊया की." इतक्या पटकन म्हणाल्या की मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.

पौषातली सकाळ होती. नदीवरून येणारा गारठा अजून अंगाला लागत होता. स्टेशनाबाहेर आम्ही सगळे जमलो. पुण्याचं एक जोडपं, गळ्यात कॅमेरा अडकवलेलं; डोंबिवलीच्या तीन मैत्रिणी; आणि एक उंच गृहस्थ, कानाला थंडी लागू नये म्हणून मफलर गुंडाळलेले. फिरवणारी मुलगी खोपोलीची होती. घरं बांधण्याचं शिक्षण घेतलेली, पण तिला नव्या घरांपेक्षा जुन्यांचाच जास्त नाद. कमरेला छोटा स्पीकर, तोंडापाशी माइक. तिनं आधी सगळ्यांच्या गळ्यात नावाची कार्डं अडकवली, पाणी आणलंय का विचारलं आणि मग सुरुवात केली.

"कर्जत वाढलं ते रेल्वेमुळे," ती म्हणाली. "इथून पुढं घाट लागतो. तेव्हा वर चढणाऱ्या गाडीला मागून जादाची इंजिनं लावावी लागतात. ती लागेपर्यंत गाडी थांबायची, माणसं उतरायची, खायची-प्यायची. बाजार त्याच्यावर उभा राहिला. त्या इंजिनांना इथं काय म्हणतात, माहीत आहे कुणाला?"

मला माहीत होतं, पण मी तोंड उघडेपर्यंत माझ्या शेजारून आवाज आला.

"बँकर," विहीणबाई म्हणाल्या. मग हळूच, "माझे वडील ते चालवायचे."

मुलीनं माइक बाजूला केला. "इथं? कर्जतला?"

"हो. आम्ही इथं राहायचो. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. मी दुसरीत असताना आलो आणि चौथीत असताना वडिलांची बदली झाली."

मी थक्कच झाले. लग्न ठरवताना बैठका झाल्या, साखरपुडा झाला, लग्न झालं, पंगतीत शेजारी बसून जेवलो. एवढ्या वेळात या बाईंनी कधी म्हटलं नाही की मी तुमच्या गावात राहून गेले आहे.

"तुम्ही बोलला नाहीत कधी," मी म्हणाले.

"काय बोलणार? मला नीट आठवतच नाही," त्या म्हणाल्या. "आठवतं म्हणावं आणि तुम्ही काही विचारावं, तर उत्तर येणार नाही. मला फक्त दोन पोपट आठवतात."

"पोपट?"

"लाकडी. एका घराच्या सज्ज्याखाली होते. खाली भांड्यांचं दुकान होतं आणि वर माझी मैत्रीण राहायची. तिच्या घरी जायचं म्हणजे पोपटांच्या खालून आत शिरायचं. मैत्रिणीचं आडनाव आठवत नाही. गल्ली आठवत नाही. पोपट मात्र आठवतात."

त्या ज्या तऱ्हेनं पटकन 'जाऊया की' म्हणाल्या होत्या, त्याचा उलगडा मला आत्ता झाला. आल्यापासून त्या वाट बघत होत्या, आणि विचारायचा संकोच वाटत होता. मला त्यांची भीती, आणि त्यांना माझा संकोच.

खोपोलीची मुलगी विचारात पडली. "सज्ज्याखाली पोपट," ती म्हणाली. "मी दोन वर्षं या बाजारात फिरतेय, पण मला पोपट दिसले नाहीत. चला, आज सगळेच बघत जाऊ. ज्याला दिसेल त्यानं सांगायचं."

आणि आम्ही बाजारात शिरलो.

आता खरं सांगते, या रस्त्यानं मी जवळजवळ सगळं आयुष्य चालले, पण ते खाली बघून. खाली चिखल असतो, स्कूटर असते, आडवं पडलेलं कुत्रं असतं. वर बघायला सवड कुणाला. त्या दिवशी ती मुलगी सारखी म्हणायची, "वर बघा," आणि मी वर बघायचे, आणि दर वेळी काहीतरी असायचं. मी ज्या दुकानातून गेली कित्येक वर्षं तूरडाळ घेते, त्याच्या डोक्यावर सागवानी कठडा आहे आणि त्याच्या प्रत्येक गजाला कमळ कोरलंय. औषधाच्या दुकानाच्या वर कंदील टांगायचा लोखंडी आकडा आहे, त्याला नागाचा फणा. एका घराच्या कौलांवर कारखान्याचा शिक्का आहे, तो तिनं आम्हाला खाली पडलेल्या तुकड्यावर दाखवला. एका दुकानाला अजून फळ्यांचं दार आहे, प्रत्येक फळी रात्री क्रमानं बसवायची.

"कडाव, पोशीर, सगळीकडून भाताच्या गाड्या इथं यायच्या," ती सांगत होती. "या रस्त्यावर बैलगाड्यांची रांग लागायची."

माझे वडील त्या रांगेत असायचे. मी तिला ते सांगितलं, तर तिनं लगेच माझ्यासमोर माइक धरला. मी म्हटलं, आमच्या गाडीचा एक बैल बाजारात आला की या वळणावर बसायचा आणि गूळ दाखवल्याशिवाय उठायचा नाही. सगळे हसले. विहीणबाईही हसल्या, पण ओठ मिटून.

अडचण अशी की मला चार पावलंही सरळ चालता येईना. दवाखान्यात इतकी वर्षं बाळंतपणं केलेली, त्यामुळे बाजारातल्या निम्म्या लोकांना मी त्यांच्या आयांच्या आधी बघितलंय. जो तो हाक मारत होता.

"सिस्टर, आज इकडं कुठं? गळ्यात कार्ड कसलं?"

"फिरायला आलेय."

"बाजार फिरायला? रस्ता चुकलात काय?"

फुलवाली म्हणाली, "सिस्टर, सुनेला सातवा लागला, बघून जा ना एकदा." कापडाच्या दुकानदाराला गुडघ्याचं विचारायचं होतं. आमचा घोळका थांबायचा, मुलगी बिचारी माइक धरून उभी. मला ओशाळल्यासारखं झालं. विहीणबाईंना काय वाटत असेल, आपली विहीण म्हणजे चावडीच आहे. आणि बोलताना माझी भाषाही सुटली होती. बाजारात शुद्ध बोलून चालतच नाही, लोकांना वाटतं, सिस्टर रागावली.

मग मनात आलं, एवढी माणसं ओळखीची आहेत, तर पोपटांचं त्यांनाच का विचारू नये. त्यानंतर मी लाज सोडली. "अरं, पोपट कुठं हायेत रं बाजारात? लाकडाचे, जुने?" असं दुकानादुकानात विचारत सुटले.

एकानं सांगितलं, देवळाच्या गल्लीत आहेत. सगळे तिकडे गेलो. तिथं एका मिरचीच्या दुकानाच्या पाटीवर पोपट रंगवला होता, गेल्या दिवाळीतला. कापडाच्या दुकानदारानं त्याच्या काकांना फोन लावला. काका म्हणाले, पोपट नाहीत, घोडे होते, आणि ते कधीच पडले. कॅमेरेवाल्या नवऱ्यानं लांबून एक पक्षी हेरला, जवळ गेल्यावर ते खरंच कबूतर निघालं आणि उडून गेलं. डोंबिवलीच्या मैत्रिणींनी तर पैज लावली होती, कुणाला आधी दिसतो. गृहस्थांनी मफलर काढून खिशात कोंबला आणि ते मान वर करून सगळ्यांच्या पुढे चालायला लागले.

विहीणबाई मात्र मागे पडत चालल्या होत्या. एका वळणावर त्या म्हणाल्या, "जाऊ दे. लहानपणचं काही खरं नसतं. कदाचित पोपट दुसऱ्या गावी असतील. वडिलांच्या किती बदल्या झाल्या."

मी म्हटलं, "दुसऱ्या गावचे पोपट तुम्ही कर्जतला कशाला ठेवाल? भांड्यांचं दुकान म्हणालात ना?"

"हो. पितळेचं सगळं. सकाळच्या उन्हात डोळे दिपायचे."

उन्हात दिपायचे. म्हणजे सकाळी सकाळी दुकानावर ऊन यायला हवं. घरांची तोंडं कुठल्या बाजूला, सावली कुठल्या बाजूला, असं मी बघायला लागले. पूर्वेला तोंड असलेली घरं रस्त्याच्या एकाच अंगाला होती. त्या मुलीनंही ते ओळखलं, आणि आम्ही दोघी मिळून त्या अंगाच्या घरांचे सज्जे बघत मागे फिरलो. एका घराचा सज्जा दिसतच नव्हता, कारण त्याच्यावर मोबाइलच्या दुकानाचा लांबरुंद फ्लेक्स लावला होता. फ्लेक्सवर एक नटी फोन कानाला लावून हसत होती.

दुकानदाराची दोन्ही पोरं माझ्या हातची. मी म्हटलं, "तुझ्या पाटीमागं काय हाय रे?"

"काय असणार सिस्टर, जुनं लाकूड हाय. दुकान घेतलं तेव्हापासून झाकलेलंच हाय."

"जरा उचल की."

"नवा फ्लेक्स हाय हो."

"फाड म्हणत नाय. खालचा कोपरा सोड नि वर धर."

तो हसत उठला. "एवढी माणसं गोळा केलीत. पोपट नाय निघाला तर आपलाच पोपट व्हायचा."

त्यानं शटर ओढायची आकड्याची काठी आणली. मफलरवाले गृहस्थ उंच, त्यांनी दुसरा कोपरा धरला. फ्लेक्स हळूहळू वर गेला, नटीचं तोंड दुमडलं, आणि तिच्या हनुवटीमागून एक पोपट बाहेर आला. खरोखरचा, हातभर लांब, सज्ज्याला खांदा दिलेला. त्याच्यावर इतक्या वेळा रंग चढवला होता की पिसं बुजून गेली होती. चोचही नव्हती. पण दुसऱ्या टोकाचा पोपट शाबूत होता आणि त्याच्या चोचीत एक फळ होतं.

डोंबिवलीच्या मैत्रिणींनी टाळ्या वाजवल्या. मी विहीणबाईंकडे बघितलं. त्या रस्त्याच्या मधोमध उभ्या होत्या. मागून रिक्षावाला हॉर्न वाजवत होता, तो त्यांना ऐकूच येत नव्हता.

"हिरवे होते," त्या म्हणाल्या. शाळेत कुणी चुकीचं गणित मांडल्यावर म्हणावं तशा. "हे निळे कुणी केले?"

तेवढ्यात वरची खिडकी उघडली आणि एका वयस्कर बाईनं डोकं बाहेर काढलं. "कसला गलका चाललाय गं खाली?"

"मी सिस्टर," मी ओरडून म्हटलं. "या माझ्या विहीणबाई. लहानपणी तुमच्या घरात खेळायला यायच्या म्हणतात. यांच्या वयाची कुणी मुलगी होती का घरात?"

बाई खिडकीतून आणखी वाकल्या. "मुलगी म्हणजे माझी नणंद. ती खालापूरला दिली. या ना वर, रस्त्यात काय बोलायचं."

मग सगळेच वर गेलो. त्या बाईंना एवढे पाहुणे कसे काय आवरले देव जाणे, पण त्यांनी सगळ्यांना बसायला दिलं आणि चहाचं मोठं पातेलं चढवलं. लाकडी जिना चढताना विहीणबाईंनी प्रत्येक पायरीवर हात टेकला होता. खोलीत आल्यावर त्या म्हणाल्या, "इथं झोपाळा होता."

"होता ना. कड्या अजून हायेत," बाई म्हणाल्या आणि वर बोट दाखवलं.

त्यांनी खालापूरला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला. "वन्सं, तुमची लहानपणची मैत्रीण आलीय. इंजिनवाल्यांची मुलगी."

पलीकडून मोठा, खणखणीत आवाज आला. "कोन? इंजिनवाले? मला नाय बा आठवत."

विहीणबाईंच्या हातात कप होता, तो तसाच राहिला. तेवढ्यात पलीकडचा आवाज म्हणाला, "नाय आठवत तर काय झालं. आज संध्याकाळी आमच्याकडं पोपटी हाय. पाठव तिला. खाऊन तरी जाईल."

खोपोलीची मुलगी घरी निघालीच होती, आणि खालापूर तिच्या घराच्या थोडं पुढे. फिरणं संपलं, सगळ्यांनी एकमेकांचा निरोप घेतला. गृहस्थांनी तर विहीणबाईंना नमस्कार केला आणि म्हणाले, "काय झालं ते मला कळवा." त्यांनी नंबर लिहून दिला. मग तिघींनी दुपारचं जेवण माझ्या घरी उरकलं, आम्ही दोघी त्या मुलीच्या गाडीत बसलो आणि पळसदरीवरून निघालो.

वाटेत विहीणबाई म्हणाल्या, "जायलाच हवं का? तिला मी आठवत नाही."

"तुम्हाला तरी ती कुठं आठवते," मी म्हटलं. "तुम्हाला तर पोपट आठवतात. आणि पोपटी खाल्लीय का कधी?"

"नाही. काय असतं ते?"

"वालाच्या शेंगा. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून भाजतात, शेतातच जाळ करून. आमच्या रायगडात थंडीतच होते. तुमच्याकडं मिळायची नाय." बोलून गेले आणि जीभ चावली. पण त्यांचं लक्ष नव्हतं, त्या खिडकीबाहेर घाटाचे डोंगर बघत होत्या.

खालापूरला पोहोचलो तेव्हा उन्हं कलली होती. घराच्या मागे वालाचं शेत, आणि शेताच्या कडेला पालापाचोळ्याच्या जाळात उपडं मडकं ठेवलेलं. घरातली सगळी माणसं भोवती. मैत्रीण पुढे आली. बुटकी, गोल, हसताना डोळे मिटणारी. तिनं विहीणबाईंना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, हनुवटी धरून तोंड इकडं तिकडं फिरवलं.

"नाय गं," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू. नाय आठवत."

"माझे दोन शेपटे असायचे," विहीणबाई म्हणाल्या. "लाल रिबिनी."

"सगळ्यांच्याच असायच्या."

"आपण झोपाळ्यावर उभ्या राहून झोके घ्यायचो."

"सगळ्या पोरी घ्यायच्या." ती विचार करत राहिली. "क्वार्टरमधली म्हणतेस? शेवटच्या क्वार्टरमधली? तिथं एक लंगडी शेळी होती बघ. काळी. ती आमच्या जिन्यावर चढायची."

विहीणबाईंचा चेहराच बदलला. "ती आमची."

"तुमची शेळी?"

"माझ्या मागं मागं यायची. मी वर आले की तीही यायची."

"तिनं आमचं दसऱ्याचं तोरण खाल्लं," मैत्रीण म्हणाली. "आख्खं. आमची आजी काठी घेऊन जिन्यावरून धावली नि शेळी पितळेच्या घागरींत पडली. सगळा बाजार गोळा झालेला. अगं, ती शेळी मला अजून दिसते. तू नाय आठवत, पण शेळी चांगली आठवते."

आणि विहीणबाई हसल्या. त्यांना असं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं. ओठ मिटून नव्हे, तोंड उघडून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. पदर तोंडाला लावला तरी हसू थांबेना. त्या मैत्रिणीलाही आवरेना, आणि मग मलाही. खोपोलीची मुलगी हसत हसत आमचे फोटो काढत होती.

मडकं उघडलं. वाफेबरोबर भांबुर्ड्याचा तो वास आला, ज्याच्यासाठी मी थंडीची वाट बघते. शेंगा केळीच्या पानावर ओतल्या. विहीणबाईंनी पहिली शेंग चिमटीत धरून जपून सोलली, नंतरच्या मात्र आमच्यासारख्याच दातांनी ओढल्या. बोटं काळी झाली, साडीवर राख पडली. त्या म्हणाल्या, "पोपट बघायला आले आणि पोपटी खाऊन चालले." त्या मुख्याध्यापिका होत्या हे मी सांगून ठेवलं होतंच; मैत्रीण म्हणाली, "बघा, हेडबाई विनोद करतात."

अंधार पडायच्या आधी कुणीतरी फुगडीचा विषय काढला. बहुतेक मैत्रिणीच्या सुनेनं. मैत्रीण म्हणाली, माझे गुडघे गेले. मी म्हटलं, मी नर्स आहे, मी सांगते, या वयात फुगडी घालायची नाही. आम्ही दोघी असं म्हणत असतानाच विहीणबाईंनी पदर खोचला आणि हात पुढे केले. माझ्याकडे.

"धर गं," त्या म्हणाल्या. "घट्ट धर, सोडू नकोस."

सोफ्याच्या दोन टोकांना बसून आम्ही 'तुम्ही तुम्ही' करत काढलेले ते सगळे दिवस त्या एका 'गं'मध्ये निघून गेले. मी हात धरले. काळे, शेंगांच्या राखेनं माखलेले, आणि चांगलेच दणकट. चारपाच गिरक्या घेतल्या असतील. शेत, मडकं, हसणारी माणसं सगळं एकात एक मिसळलं, आणि मग दोघी धपकन पेंढ्यावर बसलो. मैत्रीण टाळ्या वाजवत होती आणि म्हणत होती, "माझी पाळी, माझी पाळी," पण तिला कुणी उठू दिलं नाही.

परतीला तिच्या लेकानं आम्हाला टेंपोतून सोडलं. पुढच्या सीटवर तो आणि आम्ही दोघी, मांडीवर वालाच्या शेंगांची पिशवी. नेरळहून लेकीचा फोन आला. ती घाबरली होती. "दोघी आहात कुठं? फिरणं तर सकाळीच संपलं असेल ना?"

माझ्या हातातून फोन घेऊन विहीणबाईंनीच उत्तर दिलं. "आम्ही टेंपोत आहोत. जेवायला थांबू नका."

आणि फोन बंद करून मांडीवरच्या शेंगांवर ठेवून दिला.

पुढच्या आठवड्यात माझी विहीण कपड्यांची पिशवी घेऊन माझ्याकडेच राहायला आली. नेरळच्या घरात सगळं नवं, तिथं करमत नाही म्हणाली. सकाळी आम्ही बाजारात जायचो. मोबाइलच्या दुकानदारानं फ्लेक्स खाली सरकवून बांधला आहे, आणि खोपोलीची मुलगी आता लोकांना तिथं थांबवते. खालापूरची मैत्रीण अधूनमधून फोन करते. तिला अजूनही काही आठवलेलं नाही, पण तिनं मैत्री मान्य केली आहे.

आता आमच्यात भांडणंही होतात, जी पूर्वी होणंच शक्य नव्हतं. ती ज्वारीची भाकरी थापते आणि मी तांदळाची, आणि दोघींनाही दुसरीची गळ्याखाली उतरत नाही. महिना संपल्यावर ती परत गेली, तरी परवा मिरजेहून फोन करून ती मला वालाची उसळ कशी करायची ते सांगत होती. गूळ घालायचाच नाही म्हणे. मी म्हटलं, बाई, वाल आमचे, चूल आमची, तू गप्प बस. तर म्हणाली, "बसते. पण मार्चमध्ये येते, तेव्हा मीच करणार."